भोंगा मिक्सचे चौदा भाग

आमच्या देवघरात अंबाबाईच्या तसबिरीमागं एक अरुंद फळी आहे. तिच्यावर कापराची डबी, वातींचा पुडा, जोतिबाच्या गुलालाची पुडी, आणि शेजारी आठ कॅसेटी नि सहा सीड्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारायच्या, "कसल्या ओ ह्या? भजनाच्या का?" मी सांगायची, "आमच्या भावजींच्या. गणपतीच्या मिरवणुकीत वाजतात त्या." मग त्या देवाकडं बघायच्या, माझ्याकडं बघायच्या आणि हळूच दुसरा विषय काढायच्या.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, गुंडू. कसबा बावड्यात कुणालाही 'भोंगा मिक्सवाला गुंडू' म्हणून विचारा, दारापर्यंत आणून सोडतील. पेपरात कधी नाव आलं नाही, फोटो छापून आला नाही. पण १९९३ पासून दर गणपतीला त्यांनी मिरवणुकीसाठी एक भाग काढला, असे चौदा भाग काढले, आणि अर्ध्या कोल्हापूरच्या ट्रॅक्टरवर ते वाजले. गाणी जगाची, पण एका गाण्यातून दुसऱ्यात जायची वाट ह्यांची. ती वाट शिळी झाली असं लोक म्हणायला लागले, तेव्हाची ही गोष्ट आहे. त्यात माझाही हात होता, म्हणून मीच लिहिते.

मी लग्न होऊन बावड्यात आले तेव्हा भावजी एकोणीस वर्षांचे. दहावीला दोनदा बसून उठलेले. आमचे हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर. सासूबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणायची, तसं मीही म्हणायची. आक्का धाकट्या लेकाबद्दल सांगायच्या, "ह्येचं कान मोठं, आन् डोस्कं ल्हान." कानाचं खरं होतं. एकदा जेवता जेवता म्हणाले, "वैनी, तुमचा मिक्सर दमलाय." मी हसले. तिसऱ्या दिवशी ओलं खोबरं वाटताना मिक्सरमधून धूर आला. येणारी एसटी गारगोटीची की राधानगरीची, हे न बघता सांगायचे. कसं कळतं म्हणून विचारलं तर म्हणाले, "गारगोटीची खोकती."

लाऊडस्पीकरवाल्याकडं कर्णे बांधायचं काम करत करत त्यांनी दोन जुने टेप जमवले. कारखान्याच्या रस्त्याला पत्र्याची एक शेड घेतली. एका टेपवर गाणं, दुसऱ्यात कोरी कॅसेट. ठेका जुळला की बटणावरचं बोट सोडायचं, नाही जुळला तर मागं घेऊन पुन्हा पहिल्यापासून. साठ मिनिटांची कॅसेट करायला महिना जायचा. आणि दोन गाण्यांच्या मध्ये ते आपल्या गावातले आवाज घालायचे. पहिल्या भागाच्या सुरुवातीला त्यांनी कारखान्याचा, पाळी सुरू होताना वाजतो तो भोंगा घातला. फेब्रुवारीत, ऐन हंगामात, कानात कापूस घालून भोंग्याखाली उभे राहून तो टेप केला होता.

आता गणपती येतात भाद्रपदात. तेव्हा कारखाना बंद. मिरवणूक चौकात आली, भावजींनी बटण दाबलं आणि भर चौकात भोंगा वाजला. म्हातारी माणसं घड्याळं बघायला लागली. एक कामगार खरोखरच डबा आणायला घराकडं वळला. मग सगळ्या चौकाला कळलं आणि असं काही हसू फुटलं की ट्रॅक्टर थांबवावा लागला. त्या दिवसापासून नाव पडलं, भोंगा मिक्स.

आमच्या घरची एक रीत आहे. घरात नवीन जे काही येईल ते आधी देवापुढं. परड्यातलं पहिलं वांगं, ह्यांच्या पगाराचं पाकीट, पोरांचं प्रगतिपुस्तक. त्यामुळं भावजींनी पहिली कॅसेट आणून माझ्या हातात दिली तेव्हा मी तिला हळदकुंकू लावलं आणि देवघरातल्या फळीवर ठेवली. पुढच्या वर्षी दुसरी. मग तिसरी.

मी रोज दुपारी जेवणं आवरली की वही लिहिते. लग्न झाल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. त्या दिवशी कोणता उपास, काय रांधलं, कोण आलं, कोण गेलं. वहीत खोटं लिहायचं नाही हे मी देवासमोर ठरवलेलं आहे. तर त्या वहीत दर भाद्रपदात एक ओळ सापडते. "भाग ३ आला. देवापुढं ठेवला. छान आहे." "भाग ७ आला. देवापुढं ठेवला. छान आहे."

२००१ मध्ये भावजींनी जुना कॉम्प्युटर घेतला. टेप गेले, सीड्या आल्या. महिन्याचं काम आठवड्यावर आलं. सीडी दिसायला आरशासारखी, म्हणून मी कुंकू त्या चकचकीत बाजूला लावायला लागले. वहीतली ओळ बदलली नाही.

२००७ चा आषाढ. मी कापण्या तळत होते. आमच्याकडं आखाड तळल्याशिवाय श्रावणात पाऊल टाकत नाहीत. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. महाद्वार रोडला ज्यांच्या दुकानातून भोंगा मिक्स खपायचा, त्यांचा मुलगा राजवर्धन. वडील थकल्यावर दुकान तोच बघत होता. पोरगा शहाणा. फोनवर न सांगता स्वतः आला होता.

भावजी बाहेरच्या खोलीत बसले. मी कापण्यांची ताटली नेऊन ठेवली.

"गुंडूदा, राग मानू नका," राजवर्धन म्हणाला. "पंधरावा भाग आमी घेत न्हाय."

"का रं? काय कमी पडलं?"

"कमी न्हाय, जादा झालं. सुरू झालं की भोंगा. मग हलगी. मग ते कुत्रं. पोरं सीडी लावायच्या आधीच तोंडानं सगळं म्हणून दाखवत्यात. पब्लिक म्हणतंय शिळं झालंय. मागल्या साली निम्म्या सीड्या परत आल्या, बाबांनी तुमाला सांगितलं न्हाय."

"मग काय पायजे पब्लिकला?"

"नवीन बीट. पुण्या-मुंबईचा. ते इंटरनेटवर मिळतंय की सगळं."

"ते इंटरनेटवर मिळतंय तर माझ्याकडं कशाला येतील?"

राजवर्धननं ताटली पुढं ओढली. एक कापणी खाल्ली, "वैनी, मस्त झाल्यात," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर तीन दिवस भावजी शेडवर गेले नाहीत. तालमीतली दोस्तमंडळी येऊन सांगायची, "गुंड्या, त्येचं काय ऐकतूस? आमाला त्योच पायजे. भोंग्याशिवाय गणपती हलायचा न्हाय." गल्लीतली कॉलेजची पोरं राजवर्धनच्या बाजूची. दोन्ही बाजूंचं ऐकून भावजी आणखी गप्प झाले. चौथ्या दिवशी मी देवपूजा आटोपून उठते तोवर ते देवघराच्या उंबऱ्यात बसलेले.

"वैनी, तुमी खोटं बोलत न्हाईसा."

"काय झालं भावजी?"

"दोस्त बरं वाटावं म्हणून बोलत्यात. राजा धंद्याचं बोलतोय. तुमी सांगा. शिळं झालंय का? तुमी व्हय म्हणला तर शेड बंद. मशिनी इकून टाकतो आन् दादाच्या वळखीनं कारखान्यात चिकटतो. तुमी न्हाय म्हणला तर राजाच्या दुकानावर लाथ मारून एकट्यानं काढतो पंधरावा."

अडतीस वर्षांचा माणूस. लग्न कधी जमलं नाही. बायको-मुलं जे काय म्हणायचं ते त्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. आणि तो सगळा निकाल त्यांनी माझ्या तोंडावर ठेवला होता. मी फळीकडं बघितलं. भावजींनीही बघितलं. मग ते उठले, हात धुतले आणि एक एक कॅसेट खाली काढायला लागले. पाचवा भाग उलटापालटा करून बघितला. वरचा चकचकीत कागद तसाच, कागदावर सुकलेलं कुंकू. सहावा तसाच. सातवा तसाच.

"वैनी," ते म्हणाले, "ह्यातली एक बी फोडलेली न्हाय."

देवाला वाहिलेली वस्तू परत काढून वाजवायची असते, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. नैवेद्याचं ताट तरी आपण खातो. पण कॅसेट ही खायची वस्तू नव्हे, त्यामुळं ती तिथंच राहिली. शेडवर ते कानाला हेडफोन लावून काम करायचे. विसर्जनाला मिरवणूक आमच्या दारावरून जायची तेवढी पाच मिनिटं मी आरतीचं तबक घेऊन उभी. चौदा वर्षांत मी भोंगा मिक्स सगळा मिळून तासभर ऐकला असेल, तोही गणपतीकडं बघत.

"मग वहीत काय लिहीत हुता दरसाल?"

"छान आहे."

भावजी मोठ्यांदा हसले. त्या चार दिवसांत पहिल्यांदाच. पण त्यांच्या हसण्यानं माझं सुटत नव्हतं. वहीत खोटं लिहायचं नाही म्हणणाऱ्या बाईनं चौदा वर्षं न ऐकता छान लिहिलं होतं.

"चौदा दिवस द्या मला," मी म्हटलं. "चौदा भाग आहेत. रोज दुपारी एक ऐकते, पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत. मग सांगते. आणि जे सांगीन ते तुम्हाला ऐकावं लागेल."

"ऐकतो की."

गुरुपौर्णिमा झाली आणि मी ऐकायला बसले. भावजींनी जुना टेप आणि सीडी प्लेअर मधल्या खोलीत आणून जोडला. पहिल्या दोन कॅसेटींना वरचा कागदच नव्हता, कुंकू आत गेलेलं. ते त्यांनी कापसाच्या बोळ्यानं पुसून काढलं. ह्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "पोथी लावल्यागत बसलीयास की." पोथीच म्हणा. वही मांडीवर, पेन हातात.

खरं सांगायचं तर गाणी मला आवडली नाहीत. माझं डोकं उठायचं. पण मधले आवाज यायला लागले की माझं पेन थांबायचं. पहिल्या भागात ऊसगाड्यांची घुंगरं होती, आणि त्या घुंगरांवर ताल धरून कुणीतरी ओरडत होतं, "पुढं घ्या, पुढं, थांब, झालं." तो आवाज आमच्या ह्यांचा. तरणा आवाज. दुसऱ्या भागात, दोन धांगडधिंग्याच्या गाण्यांच्या मधोमध, आक्का बोलल्या. "गुंड्या, ते बंद कर आन् आधी दळण आण." एकदा नाही, चारदा, आणि चौथ्या वेळी त्यांच्या 'आण' वर पुढच्या गाण्याचा ढोल पडला. आक्कांना जाऊन पाच वर्षं झाली होती. मी टेप बंद केला, देवासमोर थोडी बसले, मग पुन्हा लावला. गल्लीतली पोरं तेव्हा आक्कांना बघून ओरडायची, "आक्का, दळण आणलं का?" आणि आक्का चिडून खराटा घेऊन धावायच्या. मला वाटायचं पोरं वांड आहेत. सगळ्या गावाला कारण माहीत होतं, आक्कांना आणि मला सोडून.

तिसऱ्या भागात हलगी. गल्लीच्या टोकाला राहणारे आण्णा तालमीत हलगी वाजवायचे, त्यांची. हलगी सुरू व्हायच्या आधी आमचा खंड्या दोनदा भुंकला, मग आण्णांचं "हाड" ऐकू आलं आणि मग कडकडून हलगी. आण्णांना आणि खंड्याला दोघांनाही ओळखणारं माणूस ते ऐकून हसल्याशिवाय राहणार नाही.

चौथ्यात पिठाच्या गिरणीचा पट्टा, सहाव्यात पंचगंगेवर धुणं आपटायचा आवाज. पाचवा भाग मला कंटाळवाणा वाटला, तसं लिहून ठेवलंय. सातव्यात हलगी पुन्हा आली, पण वेगळी, संथ. आठवा सगळ्यांत चांगला. त्यात काय आहे ते सांगत नाही, शेडवर जाऊन ऐकावा.

नवव्यापासून सीड्या. आवाज कसा, घासून पुसून लख्ख. गाण्याला गाणं असं जुळलेलं की सांधा सापडत नव्हता. भोंगा झाला. मग खंड्या दोनदा भुंकला, "हाड", आणि हलगी. मी म्हटलं, ओळखीचं आहे. दहावा लावला. भोंगा, दोनदा भुंकणं, हाड, हलगी. अकराव्याच्या सीडीवर माझ्या कुंकवाचा ठिपका पुसायचा राहिला होता, ती त्याच जागी अडकून खंड्या एकसारखा भुंकत राहिला. ह्यांनी परसातून विचारलं, "अगं, कुत्रं आलंय का घरात?" बाराव्यात पुन्हा तेच. तेराव्यातही. दिव्यांच्या अवसेला मी समया घासून ठेवल्या आणि चौदावा ऐकला. मग जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यातून १९९९ ची वही काढली.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. भावजींना दुपारी बोलावून घेतलं.

"बसा. खंड्या कधी गेला?"

"लै दिस झालं. नव्व्याण्णव का दोन हजार."

"अकरा जून नव्व्याण्णव. परड्यात पेरूखाली पुरला. तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता, तेही लिहिलंय."

"मग?"

"मग तो गेल्या वर्षी मिरवणुकीत कसा भुंकला?"

भावजींनी वही आपल्याकडं ओढून ती ओळ वाचली.

"पंच्याण्णवची हलगी आहे ती. तीच नवव्याला, तीच दहाव्याला, तीच चौदाव्याला. भोंगाही त्र्याण्णवचाच. नवव्या भागापासून तुम्ही शेडच्या बाहेर पडलाच नाही भावजी."

"लोकांस्नी आवडत हुतं म्हणून ठेवलं."

"ते राहू द्या. आण्णांची नवी हलगी का नाही घेतली?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. नवीन कॉम्प्युटर आला त्या वर्षी आण्णा शेडवर हलगी वाजवायला गेले होते. पडद्यावर रेघा दिसतात, ठेका कुठं पुढं-मागं झाला ते कळतं. भावजी म्हणाले, "आण्णा, तुमचा ठेका पळतोय, मशीन दावतंय बघा." आण्णांनी हलगी खांद्याला लावली. म्हणाले, "मग मशीनलाच वाजवाय सांग, आन् मशीनच्याच म्होरं नाच." त्यानंतर सहा वर्षं दोघं एका गल्लीत राहून बोलले नव्हते. मी रोज आण्णांच्या दारावरून देवळाला जाते, मला पत्ता नव्हता.

"मग निकाल सांगा वैनी," भावजी म्हणाले. "शिळं झालंय न्हवं?"

"झालंय."

ते उठायला लागले.

"बसा, मी उठा म्हटलं नाही. दोस्त म्हणतात तेच पाहिजे. राजवर्धन म्हणतो तेच तेच म्हणून शिळं. दोघंही चुकतात. मी रोज तीच आरती म्हणते, लग्न झाल्यापासून एकोणीस वर्षं. रोज देवाला तोच वरणभात दाखवते. मला कुणी शिळं म्हणालेलं नाही, कारण भात तोच असला तरी रोज शिजवलेला असतो. तुम्ही पंच्याण्णवचा भात सहा वर्षं गरम करून वाढताय."

"म्हंजे शेड बंद."

"भात शिळा झाला म्हणून मी चूल बंद करत नाही."

ते पुन्हा बसले. मग मी माझंही सांगून टाकलं, की नवव्या वर्षी मी छान न लिहिता ती सीडी ऐकली असती तर त्याच दिवशी म्हटलं असतं, भावजी, हा कुत्रा मेलाय. दुकानात खपतंय आणि घरात कौतुक होतंय, मग माणूस बाहेर कशाला पडेल. त्या दिवशीच्या वहीत मी चौदा 'छान' रद्द केले. एकेका भागापुढं जे वाटलं ते लिहिलं. भावजींनी ते सगळं वाचलं. पाचव्याला कंटाळवाणा लिहिल्याबद्दल भांडलेसुद्धा.

आण्णांकडं जायला मात्र ते तयार होईनात. "त्यो माणूस हलगीनंच हाणंल मला." शेवटी मी आखाडात तळलेल्या कापण्यांचा डबा घेतला आणि पुढं झाले, ते मागून.

आण्णा अंगणात म्हशीला पेंड कालवत होते. पंच्याहत्तरीला टेकलेले, पण आवाज तसाच.

"या सूनबाई. आन् मागं कोण लपलंय? मशीनवालं पावणं?"

"आण्णा, कापण्या आणल्यात," मी डबा पुढं केला.

"शिळ्या न्हाईत न्हवं?" आण्णा माझ्याकडं न बघता भावजींकडं बघत म्हणाले. म्हणजे राजवर्धनची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

भावजी पुढं आले. "आण्णा, सहा वर्सं तुमचीच हलगी वाजवली. जुनी. तुमाला न इचारता."

"म्हाईत हाय. दरसाल माझ्या दारावरनं जातीया की. मी आत बसून ऐकत हुतो. कुत्र्याला हाड म्हणतोय, तेच परत परत. म्हटलं, गुंड्याला माझं हाडच आवडलंय."

"चुकलो आण्णा."

"चुकलास. पर त्या टायमाला माझा ठेका पळत हुता का न्हवता?"

भावजींनी माझ्याकडं बघितलं. मी काही खूण केली नाही.

"पळत हुता," भावजी म्हणाले.

"पळणारच," आण्णा म्हणाले. "म्होरं पैलवान नाचत असला की हलगी त्येच्या पायाकडं बघून पळती. तुझ्या मशीनला पाय हाईत का? बस. कापण्या खा."

तो महिना भावजी घरात दिसले नाहीत. टेप खांद्याला लावून कुरुंदवाडला घाटावर गेले, गुऱ्हाळ बंद म्हणून हळहळले, बस स्टँडवर बसून आले. खोकणारी गारगोटीची गाडी आता नाही, नवीन आली आहे, ती शिंकते, असं येऊन सांगितलं. अडलं ते भोंग्यापाशी. श्रावणात कारखाना बंद, भोंगा वाजणार कसा? ह्यांनी कारखान्यात शब्द टाकून बघितला, पण हंगामाशिवाय भोंगा नाही म्हणजे नाही. भावजी म्हणाले, "त्र्याण्णवचाच लावू का वैनी? भोंगाच हाय, त्येला काय शिळं न् ताजं." मी नुसतं बघितलं. ते परत गेले.

गणपतीच्या सहा दिवस आधी पंधराव्या भागाची सीडी त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी ती देवघरात नेली नाही. आधी प्लेअरमध्ये घातली आणि वही घेऊन बसले. भावजी समोर, परीक्षेला बसल्यासारखे.

सुरुवातीला थोडी शांतता. मग एका म्हाताऱ्या गळ्यातून, पोटातून निघालेला लांबच लांब "भोंऽऽऽ". मध्येच दम तुटला, खोकला आला, आणि पुन्हा "भोंऽऽऽ". आण्णांनी तोंडानं भोंगा वाजवला होता. मी पेन खाली ठेवून हसले.

पूर्ण ऐकलं. सहाव्या गाण्यानंतरची हलगी चटकन तोडली होती, ते सांगितलं. "तिथं नाचणाऱ्याला दम घ्यायला जागा पाहिजे की नको?" मी विचारलं. "वैनी, तुमी कधी नाचलाय?" "पंचमीला झिम्मा घालून बघा, मग कळेल." ते पुटपुटत शेडवर गेले. दुसऱ्या दिवशी नवीन सीडी आली, हलगी पूर्ण होती. मग मी हळदकुंकू लावलं, ह्या वेळी वेष्टनावर, आणि देवापुढं ठेवली.

राजवर्धननं एकदा ऐकून थोड्या सीड्या ठेवून घेतल्या. "बघू, पब्लिक काय म्हणतंय," एवढंच बोलला. विसर्जनाच्या दिवशी दुपारी बावड्याच्या चौकात ट्रॅक्टर उभा राहिला. मी ह्या खेपेला दारात थांबले नाही, तबक घेऊन चौकापर्यंत गेले. पोरं तयारीत होती, भोंग्याची नक्कल करायला ओठ पुढं काढून. आणि कर्ण्यातून आण्णांचा भोंगा निघाला. खोकल्यासकट. क्षणभर कुणाला काही कळेना. मग कुणीतरी ओरडलं, "आण्णाची पाळी सुरू झाली रं," आणि सगळा चौक हसायला लागला. आण्णा तालमीच्या कट्ट्यावर फेटा बांधून बसले होते. ते मात्र हसले नाहीत, घड्याळ बघितल्यासारखं केलं. राजवर्धन गर्दीत होता. हसून हसून त्यानं डोळे पुसले, ते मी बघितलं.

भावजी ट्रॅक्टरवर होते, कानाला हात लावून, नेहमीसारखे गंभीर. शेड बंद झाली नाही हे वेगळं सांगायला नको. त्या दिवशीच्या वहीतली ओळ तेवढी इथं उतरवते.

"अनंत चतुर्दशी. नैवेद्याला खीर, भाताची मूद, अळूची भाजी. भाग १५ वाजला. आण्णांचा ठेका दोन जागी पळतो, सातव्या गाण्याआधी आणि शेवटी. भावजींनी तो तसाच ठेवला आहे."